सत्तावीस नंबरचे धाकटे मालक

ठक्!

आवाज एवढासाच झाला. पण त्याच्या आधीची शांतता फार मोठी होती. एक्क्याण्णव सालच्या दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळची वेळ. चहाची बशी तोंडाला लावण्याआधी श्रीकांतनं ‘मी प्लॉट घेतलाय’ असं सांगून टाकलं, आणि ते ऐकून प्रतिभाच्या हातातलं गाळणं हातात राहिलं, पाच वर्षांच्या निहारिकाचं रडं घशात राहिलं, आणि पाट्यावर चटणी वाटणाऱ्या माईंचा वरवंटा हवेत राहिला. आता हवेत राहणं हा काही वरवंट्याचा स्वभाव नव्हे. तो निसटला, पाट्याच्या कडेवर आपटला आणि त्याच्या टोकाचा एक टवका उडून थेट श्रीकांतच्या बशीत पडला.

“प्लॉट?” माई म्हणाल्या.

“वरवंटा!” लगेच त्याच म्हणाल्या. कुठल्या गोष्टीचा धक्का आधी घ्यावा हे त्यांना ठरवता येईना.

वरवंटा साधा नव्हता. माईंच्या सासूबाईंनी तो त्यांच्या हाती दिला होता. या घरातल्या प्रत्येक बारशाला मूल पाळण्यात घालायच्या आधी हाच वरवंटा कुंची घालून, काजळाची तीट लावून पाळण्यात निजला होता. श्रीकांतच्या आधी, त्याची बहीण उषा हिच्या आधी, आणि पाच वर्षांपूर्वी निहारिकाच्याही आधी. निहारिकाला हे कुणीतरी सांगितल्यापासून ती त्याला दादाच म्हणायची. आता दादाच्या टोकाला टवका उडून दोन खळगे आणि मध्ये एक उंचवटा असं काहीतरी झालं होतं. निहारिका वाकून बघत म्हणाली, “आई, दादाला डोळे आले!”

माईंनी आपले डोळे पुसले. श्रीकांतनं बशीतला टवका काढून चहा पिऊन टाकला, कारण धक्का देणाऱ्या माणसाला स्वतः शांत दिसावं लागतं.

खरं तर श्रीकांत छत्री घ्यायची तरी तीन दिवस विचार करणारा माणूस. पण ते सालच असं होतं की शहाण्या माणसांच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. त्याच्या बँकेतला शिपाईदेखील पाणी ठेवता ठेवता शेअरचा भाव सांगून जायचा. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थानं कधी न पाहिलेल्या जंगलातली कधी न पाहिलेली सागाची झाडं विकत घेतली होती आणि तो रोज जेवणाच्या सुट्टीत ती मनातल्या मनात वाढवायचा. श्रीकांतचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. “कागद तो कागद,” तो म्हणायचा. “जमिनीचं तसं नाही. सकाळी उठून बघावं तर जागच्या जागी.” हे वाक्य पुढं त्याला फार महाग पडणार होतं, पण त्या सकाळी ते ऐकायला फार छान वाटलं.

आणि घाईही होती. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या ज्या दोन खोल्यांत ही मंडळी राहत होती त्या भय्यासाहेबांच्या होत्या. भय्यासाहेबांचे पूर्वज कधीकाळी सरकारी दफ्तरात फडणीस होते. दफ्तर गेलं, सरकार गेलं, फडणिशी तेवढी आवाजात राहिली. त्यांनी श्रावणातच सांगून ठेवलं होतं, “पुढच्या दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करून हव्यात, बरं का सूनबाई. आमच्या परागचं लग्न करायचं आहे.” प्रतिभा त्यांच्या सूनबाई नव्हती, पण भाडेकरूंच्या सगळ्या बायका त्यांच्या सूनबाईच असत.

तेव्हा पुढच्या दिवाळीच्या आत आपलं घर, असा सरळ हिशेब होता. माईंनी आपल्या पाटल्या काढून दिल्या आणि बँकेनं उरलेलं कर्ज. प्रतिभानं निहारिकाच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर नकाशे काढायला घेतले. मूल निजलं, कुकर उतरला, माई जपाला बसल्या की ती वही उघडायची. पूर्वेला खिडकी. खिडकीखाली ओटा. दारापुढं तीन पायऱ्या, कारण निहारिकाला उड्या मारायला तेवढ्या लागतील.

पहिल्या रविवारी सगळे प्लॉट बघायला गेले. श्रीकांत, प्रतिभा आणि मध्ये निहारिका स्कूटरवर, माई टेम्पोनं. भैरवगढच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून जरा आत. तिथं पोचल्यावर प्रतिभाला दुसरा धक्का बसला. प्लॉट कुठं दिसेचना. दिसत होत्या त्या चादरी. लाल, काळ्या, कैऱ्यांच्या, वेलबुट्टीच्या, शेकडो चादरी ओळीनं वाळत पडलेल्या. भैरवगढचे छपाईवाले आपलं कापड त्या मोकळ्या जमिनीवर वाळवत असत, हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ निळ्या हातांनी चादरी उलटत होते. रमेशजी छीपा म्हणून.

“सत्तावीस नंबर?” त्यांनी विचारलं. “अच्छा, अच्छा. आइए भाभीजी.” आणि त्यांनी एक मोठी चादर अदबीनं उचलून धरली. खाली थोडी माती आणि एक सरडा होता. “ये रहा आपका मकान.”

निहारिकानं चादरीखाली डोकावून पाहिलं. “घर कुठेय?”

“बांधायचंय,” प्रतिभा म्हणाली.

“मग सरड्याला सांग ना.”

परतल्यावर भय्यासाहेबांना हे सांगायला नको होतं. पण श्रीकांतला राहवलं नाही.

“चादरी?” भय्यासाहेबांचा अडकित्ता थांबला. “आज चादर, उद्या बांबू, परवा झोपडी. कब्जा, श्रीकांतराव, कब्जा! जमीन कागदावर असून भागत नाही, जमिनीवर आपलं काहीतरी असावं लागतं. आमच्या पणजोबांनी एका वर्षी नुसता खुंटा ठोकला नाही, तर सबंध बाग गेली.”

त्या बागेविषयी भय्यासाहेब पुढं पाऊण तास बोलले. ती कुठं होती हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

श्रीकांतनं चार खांब पुरले. आठ दिवसांत ते गेले. मग त्यानं पत्र्याची पाटी रंगवून घेतली: ‘प्लॉट नं. २७. अनधिकृत प्रवेश वर्जित.’ खाली स्वतःचं नाव, बँकेच्या नावासकट. ती पंधरा दिवस टिकली. सोळाव्या दिवशी संध्याकाळी टावर चौकात एका ठेल्यावर श्रीकांत कचोरी खात होता, तेव्हा कचोऱ्यांची परात ठेवलेल्या पत्र्यावर त्याला आपलं नाव उलटं दिसलं. तो काय बोलणार? भर बाजारात ‘ही पाटी माझी’ म्हणून कचोऱ्या खाली उतरवायच्या? त्यानं मुकाट्यानं दुसरी कचोरी मागितली. घरी येऊन मात्र जेवला नाही. “अपमानानं भूक गेली,” म्हणाला. दोन कचोऱ्यांनी गेली असावी असं प्रतिभाला वाटलं. नवऱ्याच्या अशा गोष्टी मनात ठेवायची तिला सवय होती.

तेव्हा माई म्हणाल्या, “माणसाला माणूस घाबरत नाही आताशा. देवाला घाबरतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? भिंतीच्या कोपऱ्यात लोक घाण करू नयेत म्हणून देवाच्या फरशा लावतात की नाही? एक दगड ठेव, शेंदूर लाव. हात लावायची छाती होणार नाही कुणाची.”

आता या उज्जैनसारख्या गावात, जिथं चालताना शेंदराची बोटं पायात येतात, तिथं आणखी एक शेंदरी दगड ठेवणं हा काही विचार करण्यासारखा गुन्हा नव्हता. प्रश्न दगडाचा होता. रस्त्यावरचा कुठलाही दगड माईंना चालेना. “कुणाकुणाचे पाय लागलेले असतात!” आणि घरात एक सोवळ्यातला, ओळखीचा, नुकताच नोकरीतून मोकळा झालेला दगड होताच. टवका उडाल्यावर श्रीकांतनं प्रायश्चित्त म्हणून मिक्सर आणला होता आणि वरवंटा मोरीच्या कोपऱ्यात उभा होता.

“दादाला नेताय?” निहारिकानं विचारलं.

“राखण करायला नेतोय,” प्रतिभानं सांगितलं. “आपलं घर झालं की तोच आधी आत येणार. तुझ्या पाळण्यातही तोच आधी गेला होता ना?”

हे तिनं अगदी खरं मानून सांगितलं होतं.

माघातल्या एका मंगळवारी, उजाडता उजाडता, श्रीकांतनं पिशवीतून वरवंटा नेला. त्याचं म्हणणं एका कोपऱ्यात ठेवू. पण भय्यासाहेबांनी बजावलं होतं, कोपऱ्यात ठेवला तर तेवढा कोपरा वाचेल आणि बाकीचा जाईल. आणि माईंचं म्हणणं, देव काय कोपऱ्यात बसवायची वस्तू आहे? तेव्हा दोघांचंही राखून अगदी मधोमध, चारी बाजूंनी पावलं मोजून, खड्डा केला. टवक्याचं टोक वर. माईंनी तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि हात नकळत सरावानं चालला, म्हणून दोन खळग्यांना डोळे काढले. देवाला चांदीचे डोळे असतात, हे काजळाचे होते. बारशाला काढायच्या तसेच.

रमेशजी चादरी घेऊन आले. थबकले. निळे हात जोडले. “माताजी, कौन से महाराज हैं?”

माई अडल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि खरं सांगण्याजोगं नव्हतं. “आहेत… मतलब… पुराने हैं,” त्या म्हणाल्या. “बहुत पुराने.”

रमेशजींनी त्या मधल्या तुकड्यावर पुन्हा कधी चादर टाकली नाही. श्रीकांत स्कूटर चालवताना शीळ घालत परत आला.

मग सिंहस्थ आलं.

उज्जैनला घर असणं म्हणजे काय, हे बारा वर्षांतून एकदा कळतं. चैत्रातच श्रीकांतच्या बहिणीचं, उषाचं, पत्र आलं: ‘आम्ही चौघं येतो.’ चौघं निघाली, स्टेशनवर अकरा उतरली. त्यांच्यामागून अमरावतीचे, बऱ्हाणपूरचे, कुणाचे कोण. दोन खोल्यांत एका वेळी एकोणीस माणसं निजली. विसावं माणूस मोरीत पाय करून. प्रतिभा दोन महिने पोळपाटाशी बसली. प्लॉटकडे जायचं तर सोडाच, तिनं नकाशाची वही उघडली नाही. तिच्यावर कुणीतरी औषधांच्या वेळा लिहिल्या होत्या. भैरवगढकडचे रस्ते एकेरी झालेले, पोलीस, मांडव, आखाडे. “जमीन काय पळून जाते?” श्रीकांत म्हणाला. “महाराज बसलेत.”

एका दुपारी उषा रामघाटावरून स्नान करून, पुढं भैरवगढला जाऊन, उन्हानं लाल होऊन आली. ओटीत प्रसाद होता.

“वहिनी, काय सांगू तुला! काळभैरवाचं दर्शन झालं, आणि तिथून येताना नवीनच ठिकाण कळलं. प्लॉटवाले भैरव! जमिनीतून आपणहून वर आलेत. अगदी जागृत. आणि चेहरा काय सांगू? तान्ह्या बाळासारखा. घर मागायचं त्यांच्याकडे, घर. दगडावर दगड रचायचे, जेवढे मजले हवेत तेवढे. बाई बाई, काय रांग!”

“आमचा प्लॉटही तिकडेच आहे, वन्सं,” प्रतिभा पोळी लाटता लाटता म्हणाली.

“मग काय पाहिजे! शेजार चांगला मिळाला तुम्हाला.”

माईंनी प्रसाद कपाळाला लावून सगळ्यांना वाटला. प्रतिभानं पिठाचे हात पुसले, भिंतीकडे तोंड करून पदराच्या गाठीचा एक रुपया काढला, फळीवरचा नारळ घेतला आणि दोन्ही उषाच्या हाती दिले. “पुन्हा जाल ना? माझ्या नावानं वाहा. म्हणावं, दिवाळीपर्यंत घर होऊ दे. मोठं नको. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, तीन पायऱ्या.”

उषा दोन दिवसांनी पुन्हा जाऊन आली. “तीन दगड रचले तुझ्यासाठी. गच्चीसुद्धा मिळेल बघ!”

त्या रात्री प्रतिभाला फार दिवसांनी शांत झोप लागली. एका कुशीवर, कारण दुसऱ्या कुशीला बऱ्हाणपूरच्या मावशी होत्या.

ज्येष्ठाच्या अखेरीला पाहुणे गेले, मांडव उतरले, आणि ठेकेदाराला घेऊन पायाची आखणी करायला सगळे निघाले. प्रतिभानं वही घेतली होती. निहारिकानं सरड्यासाठी शेंगदाणे घेतले होते.

लांबूनच घंटा ऐकू आली.

रमेशजींच्या चादरी होत्या, पण सगळ्या कडेकडेनं. मध्ये एक सिमेंटचा ओटा. ओट्यावर पत्र्याचं छत, छताला झुंबर नाही पण झुंबर लावायचा आकडा. झेंडा. नळ. माणसांची रांग. आणि सगळीकडे, अक्षरशः पाय ठेवायला जागा नाही अशी, दगडांवर दगड रचून केलेली घरं. दुमजली, तिमजली, एकानं तर सात मजले चढवले होते. दाराशी पाटी: ‘प्लॉट नं. २७. अनधिकृत प्रवेश वर्जित.’ श्रीकांतचं नाव पुसून तिथं ‘जूते यहाँ उतारें’ लिहिलं होतं. कचोरीवाल्यानं पाटी परत आणून दिली होती. त्याचं घर झालं होतं म्हणे.

श्रीकांतनं बूट काढले. का काढले, हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

ठेकेदारानं टेप परत खिशात घातला. “साब, यहाँ तो बन चुका,” म्हणाला, आणि दर्शनाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

ओट्यावर चांदीचा वर्ख, फुलं, आणि त्यात दोन खळगे, मध्ये उंचवटा, काजळाचे डोळे. पुजारी एका वाटीतून काहीतरी त्याच्या ओठांशी लावत होते. वास माईंपर्यंत आला.

“काय देताय त्याला?” माईंचा आवाज चिरका झाला.

“प्रसाद, माताजी. वही, जो कालभैरव को चढ़ता है. सुबह-शाम दो ढक्कन. ज़्यादा नहीं लेते, छोटे हैं ना.”

माई कापायला लागल्या. पदर खांद्यावरून घसरला, अंबाडा सुटला. “अहो, वरवंटा आहे हा! माझा वरवंटा! तेहतीस वर्षं चटणी वाटली मी यानं! चातुर्मासात कांदा लागू दिला नाही त्याला, आणि तुम्ही त्याला दारू पाजता? शिंच्यांनो, लहान आहे तो!”

रांगेतली सगळी डोकी वळली. मग कुणीतरी ओरडलं, “माताजी को भाव आ गया!”

आणि पुढच्या क्षणी माईंच्या पायाशी सात-आठ बायका होत्या. मराठी कुणालाच कळली नव्हती, पण सुटलेले केस कळले होते. बाईच्या अंगात आलं होतं. घंटा जोरात वाजायला लागली. “बोलो प्लॉटवाले भैरवनाथ की…” माई जितक्या ‘वरवंटा, वरवंटा’ म्हणून ओरडत, तितका लोक ‘जय’ म्हणत. एका बाईनं त्यांना मुलाची बदली कधी होईल ते विचारलं. माई संतापानं म्हणाल्या, “कधीच नाही!” बाईनं डोळे मिटून हात जोडले. तिला बदली नकोच होती.

त्या गोंधळात प्रतिभा एका तीन दगडांच्या घराकडे पाहत उभी होती. तळाशी मोठा, वर मधला, वर चपटा. गच्ची. हे उषाचं असेल? आपण आपल्याच जागेत, आपल्याच वरवंट्याकडे, आपल्याच घरासाठी नारळ पाठवला! तिला हसू आलं की रडू हे तिलाही कळलं नाही. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात, तसं तिचं झालं नाही. जमीन जागच्या जागी होती. तेच तर झालं होतं.

रमेशजी खाली मान घालून जवळ आले. “भाभीजी, मैंने तो बस एक अगरबत्ती लगाई थी. आपके महाराज थे, सोचा अकेले हैं.” मग म्हणाले, “बाकी मेले ने कर दिया.” आणि शेवटी, कडेची एक चादर उलटत, “मेरी चादर ही पड़ी रहने देते आप लोग.”

पुढचे तीन महिने श्रीकांत तहसिलीच्या पायऱ्या चढला. तिथले बाबू पान लावत बसलेले आणि फार सभ्य. त्यांनी प्लॉटच्या खरेदीची रजिस्ट्री दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांजवळ नेली, परत दिली.

“रजिस्ट्री अपनी जगह बिल्कुल ठीक है साहब. भगवान अपनी जगह ठीक हैं. दोनों की जगह एक हो गई, बस.”

“पण ते भगवान नाहीत! वो हमारा मसाला पीसने का…”

“मौके पर देवस्थान दर्ज हो गया है.” बाबूंनी वही फिरवून दाखवली. “कब्जा: श्री भैरव महाराज, नाबालिग.”

“नाबालिग?”

“भगवान क़ानून में हमेशा नाबालिग होते हैं. पाँच हज़ार साल के हों, तब भी. इसीलिए तो उनकी ज़मीन कोई ले नहीं सकता. बच्चे की ज़मीन है ना!” बाबूंना हे सांगताना स्वतःलाच गहिवरून आलं. “आप दावा करना चाहें तो कीजिए. पंद्रह-बीस साल में कुछ न कुछ हो जाता है. सबूत क्या है कि पत्थर आपका है? बिल है?”

वरवंट्याचं बिल! श्रीकांत घरी येऊन नुसता बसून राहिला. प्रतिभानं त्याला पाणी दिलं, आणि एकदम तिला आठवलं. ट्रंकेत तळाशी बारशाचा फोटो होता. पाळणा, फुलांच्या माळा, पाळण्यात कुंची घातलेला वरवंटा आणि त्याच्यावर वाकलेली, कपाळभर कुंकू लावलेली, अशक्त, बावीस वर्षांची प्रतिभा. मागं तारीख.

“हा पुरावा!” श्रीकांत उठून उभा राहिला. तीन महिन्यांत प्रथमच.

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन गेला. बाबूंनी पान बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, फोटोकडे खूप वेळ पाहिलं. मग पलीकडच्या टेबलावरच्यांना हाक मारली. मग त्याच्याही पलीकडच्यांना. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी जोडे काढले.

“ये…” बाबूंनी फोटो कपाळाला लावला, “भगवान की बचपन की फ़ोटो है?”

फोटो फाइलला लावून घेतला. परत मागायला गेला तर फाइल वर गेली होती. भय्यासाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवून प्रतिभाकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. “म्हणजे सूनबाई, तुम्ही एका अर्थी…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. खोल्या मात्र दिवाळीपर्यंत हव्यात, हेही त्यांनी बदललं नाही. फक्त सामान हलवायच्या दिवशी स्वतः येऊन प्रतिभाला नमस्कार करून गेले. तिला वाटलं, याच्यापेक्षा एक महिना जास्त राहू दिलं असतं तर बरं.

नवीन जागा गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली. खिडकी पश्चिमेला. पायऱ्या मात्र एकोणतीस होत्या. त्यावरून निहारिकानं पहिल्याच दिवशी उड्या मारून गुडघा फोडून घेतला. माई पाटल्या नसलेल्या हातांनी तिला हळद लावत होत्या आणि कुणाकडेच बघत नव्हत्या.

दिवाळी आली. मिक्सर घरघरला, चकल्या झाल्या. आणि भाऊबीजेच्या सकाळी निहारिका नवा फ्रॉक घालून, हातात ताम्हण घेऊन दारात उभी राहिली.

“दादाला ओवाळायचंय.”

“कुठल्या दादाला गं?”

“राखण करतोय तो. दर वर्षी मी त्यालाच ओवाळते ना?”

ते खरं होतं. भाऊ नसलेल्या पोरीनं कुणाला ओवाळायचं म्हणून माईच दर वर्षी वरवंटा पाटावर मांडत. श्रीकांतनं स्कूटर काढली, माई टेम्पोनं निघाल्या.

ओट्याला आता भिंती आणि जाळीचं दार होतं. पुजाऱ्यांनी त्यांना ओळखलं, बाजूला झाले, रांग थांबवली. छोटी मुलगी ताम्हण घेऊन येतेय म्हटल्यावर लोकांनी आपणहून वाट दिली. आत भिंतीवर, झेंडूच्या जाड हारामागं, एक मोठी केलेली तसबीर होती. पाळणा, कुंची, आणि त्यावर वाकलेली बावीस वर्षांची प्रतिभा. काचेवर तिच्या कपाळाशी कुणीकुणी लावलेल्या कुंकवाचा थर चढला होता. खाली लिहिलं होतं: ‘बाल भैरव, माताजी सहित’.

प्रतिभाच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं तसबिरीला हात जोडले. प्रतिभाला तिनं, “ज़रा सरकना बहनजी,” म्हटलं.

प्रतिभा सरकली.

निहारिकानं दादाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, नीट तीनदा ओवाळलं. मग ओवाळणीसाठी हात पुढं केला आणि थोडा वेळ तशीच थांबली. दरवर्षी दादाच्या वतीनं आजी काहीतरी घालायची. माईंनी घाईघाईनं कमरेची पिशवी चाचपली, पण निहारिकानं मान हलवली.

“आजीचं नको. हा दादाचा प्लॉट आहे ना? बाबा म्हणत होते, तो लहान आहे म्हणून त्याचा आहे. लहान आहे तोवर कुणालाच घेता येत नाही.”

“हो गं राणी,” प्रतिभा म्हणाली. तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. मागं घंटा वाजत होती, पुजारी दोन ढक्कन मोजून ओतत होते, जाळीबाहेर श्रीकांत हातात सगळ्यांच्या चपला धरून उभा होता.

निहारिकानं वर्खाआडच्या त्या काजळाच्या डोळ्यांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग आईचा पदर ओढून, देवाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात, तिनं विचारलं:

“आई, दादा मोठा कधी होणार?”